पापुद्रे

इडवलच्या शेतात ती उभी होती
चाकांविना, चार विटांवर,
काचेआड अकरा कोंबड्या.
"अंडी अजून देते," तो म्हणाला, "गाडीच्या मानाने बरंच."
ब्रिस्टलहून आलेल्या मिस्टर ओस्लरनी
घासाघीस न करता पैसे मोजले
आणि चावी माझ्या हातात ठेवली.
ती कुठेच लागत नव्हती.

बेडफर्ड व्हॅन. ल्यूटनच्या कारखान्यातली, सत्तावन्न साल.
नाक आखूड, बसकं.
इंजिन अर्धं बाहेर, अर्धं आत,
नको असलेल्या पाहुण्यासारखं
दोघांच्या गुडघ्यांमध्ये बसलेलं;
हिवाळ्यात पाय शेकून निघायचे,
उन्हाळ्यात शिव्या निघायच्या.
दारं सरकती,
म्हणजे पाववाल्याला
गाडी थांबते न थांबते तोच
उडी मारता यावी.

पाणी, पॉलिश पेपर, गोल गोल फिरणारा हात.
आमच्या धंद्यात इतिहास
शेवटच्या पानापासून वाचतात.

आधी शेवाळ. मग हिरवा,
कुंपणाला लावून उरलेला.
मग नारिंगी, ब्रशने दिलेला, ओघळ तसेच,
एका ओघळात अडकलेला डास
सत्तरीतल्या कुठल्याशा उन्हाळ्यातला.
तोवर कुणीतरी तिला फोकस्टनला नेऊन
छप्पर कापून आणलं होतं:
एका कडेला बिजागऱ्या, दुसऱ्या कडेने वर,
कोंबडीने पंख उचलावा तसं,
पंखाखाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड.

कपबशांच्या कपाटाला आतून पेन्सिलीच्या रेघा.
नेस्टा, पाच. नेस्टा, सहा.
नेस्टा, साडेसात (अर्ध्याचा हट्ट तिचाच असणार).
रेघा चढत चढत टपाला टेकल्या.
मला वाटलं, संपलं.
मग छप्पर ढकललं, दोघांचा जोर लागला,
डोक्यावर गंजाचा भुगा,
आणि उसवलेल्या कापडावर, लाल पट्टीत,
निळ्या शाईने: नेस्टा, तेरा.
पुढे काही नाही.
तेराव्या वर्षानंतर
आईबापांबरोबर कोण जातं?

नारिंगीखाली निळा, फक्त डाव्या अंगाला,
कुठेतरी घासली असेल, मिळेल तो रंग फासला असेल.
त्याखाली साय.
संध्याकाळच्या तिरप्या उजेडात
सायीवर अक्षरं तरंगून आली:
प्रॉसर आणि मुलगा. ताजा पाव.
'आणि मुलगा' वर मात्र कुणाचा तरी ब्रश
घाईने फिरलेला.

मी काम थांबवलं. रात्री नीट जेवले नाही.
सकाळी इडवलला विचारलं.
त्याने टोपी सारखी केली.
"पोरगा रेल्वेत लागला," तो म्हणाला,
"पहाटे तीनला उठायचा कंटाळा त्याला.
तुझ्या चेहऱ्यावरून वाटतंय
तू त्याला मारूनच टाकलंस."

सायीखाली तपकिरी प्रायमर.
दाराच्या चौकटीत, आतल्या कोपऱ्यात,
प्रायमरमध्ये उमटलेला अंगठा.
वाळलंय का, म्हणून कुणी दाबून पाहिलं असेल,
पाळी संपायच्या बेतात, डोळा भोंग्याकडे.
मी माझा ठेवून बघितला.
त्याचा मोठा होता.

मिस्टर ओस्लरना आकाशी हवी होती, खाली पांढरा पट्टा,
"मूळ होती तशी."
मूळ.
मी काही बोलले नाही. गाडी त्यांची, पैसे त्यांचे.
तीन हात आकाशी दिला,
इतका चकचकीत की शेजारचं मांजर
स्वतःला बघून फिस्कारलं.
फक्त चौकटीतल्या त्या कोपऱ्यात
तळहाताएवढी जागा मोकळी ठेवली,
झाडाच्या खोडासारखी, वळ्यात वळं:
आकाशी, हिरवा, नारिंगी, साय,
आणि मधोमध अंगठा.

आठवड्याने त्यांचा फोन आला.
"सगळं उत्तम," ते म्हणाले,
"दारापाशी तेवढं एक राहिलंय."
"हो," मी म्हटलं,
"राहिलंय."